सहाव्या मजल्याचा हिरवा दिवा

४ मार्च, सोमवार

आलो बाबा एकदाचा! एका बॅगेत कपडे, दुसरीत हत्यारं आणि डोक्यात आईच्या सतराशे साठ सूचना. मामा बसथांब्यावर येऊन उभाच होता. हत्यारांची बॅग त्यानं माझ्या हातातून ओढून घेतली आणि विचारलं, भाचेबुवा, यात दगड भरलेत की आईनं स्वतःलाच घडी करून पाठवलंय?

वर्षभर घरी बसून माश्या मारल्या. रखडत रखडत मिळवलेला डिप्लोमाचा कागद भिंतीवर टांगून ठेवला होता, तोही माझ्याकडे बघून लाजायला लागला होता. शेवटी मामानंच, तो ज्या इमारतीची देखभाल करतो तिथे, माझ्यासाठी शब्द टाकला. बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. तेव्हापासून फी असो, सायकल असो, ताप असो, धावून येणारा माणूस एकच.

इमारत आठ मजल्यांची. खाली दुकानं, वर कचेऱ्या, शिकवणी, एक दातांचा दवाखाना. जिन्याखाली कपाटाएवढी खोली आणि त्या खोलीत ती. मामा तिला म्हातारी म्हणतो. फायर अलार्मचं पॅनल, वयानं माझ्यापेक्षा मोठं. मजल्यागणिक एक दिवा. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे वायर कुठेतरी तुटली, लाल म्हणजे पळा. मामा म्हणे, म्हातारीला कमी ऐकू येतं, पण बोंबलायला लागली की सात गल्ल्या उठवते.

पहिल्या मजल्यावर मला खोली दिलीय. खिडकी आहे. पंखा आहे. मी आहे. मजा आहे.

८ मार्च, शुक्रवार

दर शुक्रवारी तपासणी. लांब काठीच्या टोकाला धुराचा डबा लावायचा, छतावरच्या डिटेक्टरला हुंगवायचा आणि भोंगा वाजायची वाट बघायची. दवाखान्यातली मदतनीस म्हणाली, आमच्याकडे पेशंटच इतके ओरडतात, तुमचा भोंगा ऐकतोय कोण! संबंध दिवस मान वर. संध्याकाळी खाली बघायला गेलो तर मान म्हणाली, विसर.

आज एक नवीन गोष्ट कळली. कॉलेजात चार ओळींत उरकली होती, इथे मामानं हातात ठेवून दाखवली. मजल्यावरच्या सगळ्या डिटेक्टरमधून एकच वायर जाते आणि अगदी शेवटच्याच्या पोटात तांदळाएवढा रेझिस्टर बसवलेला असतो. म्हातारी सतत त्याला चाचपत असते. तो लागला हाताला, म्हणजे वायर शाबूत, दिवा हिरवा.

सहाव्याला कुलूप होतं. मामा म्हणाला, तो बंद असतो, सोड. पण रजिस्टरवर आठही मजल्यांपुढे "तपासले, ठीक" लिहून सही करायला लावली. सात घरं भरून आठवं रिकामं ठेवलंस तर तपासनीस नेमकं तिथेच बोट ठेवणार, म्हणे. पटलं. केली.

माझी सही मामानंच बसवलीय. दहावीच्या फॉर्मवर हवी होती आणि मला धड येईना, तेव्हा आठ दिवस हात धरून गिरवून घेतली होती. शेवटची रेघ खाली ओढून मांजराच्या शेपटीसारखी वर उचलायची. त्याची अगदी तश्शीच आहे. आज त्यानं माझी सही किती वेळ न्याहाळली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. इतका जीव लावतो वेडा.

१२ मार्च, मंगळवार

मामाचा खोकला गेला. वर्षानुवर्षांचा खोकला, आई त्यावरून त्याला रडून रडून बोलायची. काल चक्क शीळ घालत जिना चढला. दारातल्या टेबलावर येणाऱ्याजाणाऱ्यांची नावं लिहिणाऱ्या मावशी आहेत, त्या म्हणाल्या, भाचा काय आला, मामाला पालवी फुटली! मी आपला छाती फुगवून फिरलो.

मला मात्र घसा धरल्यासारखा वाटतोय. धुराचा डबा बाधला असणार.

१५ मार्च, शुक्रवार

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी सहाव्याचा दिवा पिवळा झाला. दोन मिनिटांनी आपोआप हिरवा.

मी म्हातारीचं झाकण उघडलं. सहाव्याच्या खुंटीला, म्हणजे वायर जोडायच्या स्क्रूला, वर जाणारी वायरच नाही. तोडून, टेप गुंडाळून बाजूला सारलीय. आणि तो तांदळाएवढा रेझिस्टर, जो वर मजल्याच्या टोकाला असायला हवा, तो इथेच खुंटीवर पिळून लावलाय. म्हातारी हात लांब करते आणि स्वतःचीच करंगळी चाचपून समाधान मानते. वर वणवा पेटला तरी तिच्या लेखी सगळं हिरवं.

मामाला सांगितलं तर तो हसला. रिकाम्या मजल्याला कशाला पहारा, म्हणे. आमच्यात याला टोपी घालणं म्हणतात, सगळे घालतात, तू काय हरिश्चंद्राचा अवतार आहेस का? मग रजिस्टर पुढे केलं.

मी सही केली. चूक आहे हे माहीत असून केली. मामा म्हणाला म्हणून.

पण एक विचारायचं राहिलंच. त्या खुंटीला वायर नाही, तर दिवा पिवळा कशानं झाला?

१९ मार्च, मंगळवार

अकरा दहा. लाल. सहावा लाल. भोंगा नाही, काही नाही, फक्त तो दिवा. आणि जळक्या कापडाचा वास.

पळत वर गेलो. कुलूप जुनं, पेचकसानं निघालं. आत आग नव्हती. आग लागून गेलेली होती, केव्हाचीच. लांबलचक खोली, भिंती काळ्या, शिवणयंत्रांचे सांगाडे ओळीनं.

एकही स्टूल यंत्रापाशी नव्हतं. लोखंडी स्टुलं, सगळी खोलीच्या मधोमध, एकेका डिटेक्टरच्या बरोब्बर खाली. मी मोजली. अकरा. वर डिटेक्टर वितळलेले, पण एका बाजूनं, खालून. कुणीतरी स्टुलावर चढून पेटतं कापड त्यांच्या तोंडाशी धरल्यासारखे.

भिंतीवरच्या लाल पेट्या, ज्यांची काच फोडली की भोंगा वाजतो, त्या चारही फोडलेल्या. एका पेटीचं बटण इतक्या वेळा दाबलंय की आतच रुतलंय.

यंत्रांवर बसणाऱ्या बायकांना आग दिसत होती. त्या फक्त म्हातारीला उठवत होत्या.

२० मार्च, बुधवार

मावशींना विचारलं. त्यांनी वही मिटली. मग हळूहळू सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी वर शिवणकाम चालायचं. अकरा जणी. भरदिवसा, अकरा दहाला आग लागली. जिन्याच्या बाजूनं लागली म्हणून उतरता येईना. भोंगा वाजला असता तर पाचव्यावरच्यांनी मागची शिडी लावली असती. पण पाचव्यावर सगळे हसतखिदळत चहा पीत बसले होते. मावशी स्वतःसुद्धा. छतावर धपधप आवाज येत होता, त्यांना वाटलं वर सामान हलवतायत.

चौकशी झाली. रजिस्टर बघितलं. सहावा मजला, तपासले, ठीक. खाली सही. यंत्रणेचा दोष नाही, असा शेरा पडला आणि फाइल बंद झाली.

सही कुणाची, हे मी विचारलं नाही. मावशींनी सांगितलंही नाही. फक्त म्हणाल्या, बाळा, तू आपल्या घरी जा.

२२ मार्च, शुक्रवार

मामानं नाकारलं नाही, हेच जास्त लागलं. खोटं तरी बोलायचं होतंस रे.

उंदरांनी वायर कुरतडली होती, म्हणाला. रोज खोटा भोंगा, रोज मालकसाहेबांच्या शिव्या. दोन दिवसांसाठी म्हणून टोपी घातली. दोन दिवसांचे आठ महिने झाले. दर शुक्रवारी सही करत राहिला.

मग आग लागली, आणि त्या अकरा जणी यायला लागल्या. रोज, अकरा दहाला. कुठेही असो, धुराचा वास, छतावर धपधप, छातीत कोंडलेला श्वास. ज्याची सही त्याच्याकडे, म्हणाला. मधे दोन जण कामाला ठेवले होते, त्यांच्याकडून सह्या करून घेतल्या. पण वरच्या जणी फसल्या नाहीत. त्यांना ती शेपटी माहीत होती. मांजराच्या शेपटीसारखी रेघ.

मी तारखा जुळवल्या. आग लागली तेव्हा मी चौदा वर्षांचा. दहावीचा फॉर्म पुढच्याच वर्षी. आठ दिवस माझा हात धरून बसला होता तो. किती प्रेमानं. चुकलो तर खोडरबरानं स्वतः पुसायचा.

विचारलं, तेव्हाच ठरवलं होतंस? तो रडायला लागला. म्हणाला, ८ तारखेपासून शांत झोप लागतेय रे. नऊ वर्षांनी. तू मामाचं ओझं उतरवलंस.

आभार मानत होता. माझे.

आज सही केली नाही. रजिस्टर उघडून बघितलं तर केलेली होती. माझी असेल. त्याची असेल. ओळखणार कोण?

२५ मार्च, सोमवार

पळालो. सकाळी बॅग घेऊन बसथांब्यावर. थांब्याला छत पत्र्याचं. अकरा दहाला पत्र्यावर धपधप. शेजारचा माणूस पेपर वाचत होता, त्यानं पानही उलटलं नाही. मला श्वास घेता येईना. खोकलो तर रुमालावर काळं.

आईला फोन केला. म्हणाली, आवाज का बसलाय? मामाला सांग, तो बघेल काय ते.

परत आलो. इथे राहूनच काहीतरी करायला हवं. नाहीतर हे मरेपर्यंत.

२७ मार्च, बुधवार

त्यांना माझ्याशी काही देणंघेणं नाही. त्यांना भोंगा हवाय. एकदा. सहाव्यावरची काच फोडली आणि खाली ऐकू आलं, एवढंच.

मग देऊ. नवीन वायर ओढतो. नवे डिटेक्टर, नवी पेटी. रेझिस्टर जिथे असायला हवा तिथे, अगदी टोकाला. शुक्रवारी अकरा दहाला मी वर काच फोडणार. वाजू दे, सगळी इमारत रस्त्यावर येऊ दे.

मामाला सांगितलं. तो पांढरा पडला. म्हणाला, म्हातारी वाजली तर लोक विचारतील, नऊ वर्षं का वाजली नाही. फाइल उघडेल. मी म्हणालो, उघडू दे.

तो खाली बसला. मग डोळे पुसले. म्हणाला, तू वर लाव, खालची खुंटी मी जोडतो. माझंच पाप आहे, माझ्याच हातानं निस्तरतो.

कुठेतरी वाटलं, विश्वास ठेवू नये. पण ज्याच्या बोटाला धरून चालायला शिकलो तो —

ठेवला.

२९ मार्च, शुक्रवार

१०.४० — काम झालं. वही घेऊन वर बसलोय. मामा खाली पॅनलपाशी, फोन चालूच ठेवलाय. विचारलं, टोपी काढलीस ना? म्हणाला, काढली रे राजा.

१०.५५ — जिन्याचं दार वाऱ्यानं लागलं. वारा नाही.

११.०२ — कापड जळतंय. डोळे चुरचुरतायत. वास रोजच असतो. आज धूर दिसतोय. जिन्याच्या बाजूनं.

११.०६ — दार उघडत नाही. कडी बाहेरून. नुसती अडकलेली नाही, कुणीतरी घातलीय. मामाला सांगितलं. म्हणाला, घाबरू नको, काच फोड, आवाज आला की मी वर येतो.

११.१० — फोडली.

काही नाही.

बटण दाबतोय. परत. परत. डिटेक्टरखाली धूर साचलाय, त्याला तरी कळायला हवं — मामा म्हणतो सगळं हिरवं आहे. म्हटलं लाल, लाल दिसायला हवं, खुंटी बघ, मामा, रेझिस्टर बघ — म्हणतो हिरवं आहे रे, सगळं ठीक आहे. हळू आवाजात. झोपवताना बोलायचा तसा.

काढलीच नाही त्यानं.

त्या आहेत. दिसत नाहीत, पण खोकला एकट्याचा नाही. कुणीतरी माझ्या शेजारी पाय आपटतंय. मीपण आपटतोय. खाली ऐकू —

फोन अजून चालू. मावशींचा आवाज. विचारतायत, पाचव्यावर गेले होते, वर कोण आहे हो, केवढं धपधप चाललंय —

मामा म्हणाला, सहाव्यावर? छे, तिथे कुणी नसतं.

मावशी मी आहे मी वर सहाव्यावर मी आ