मठातली गल्ली

पुणे, ४ मार्च १९९७

ती. विजूदादास,
शि. सा. न. वि. वि.

किती महिन्यांनी पत्र, आणि त्यातही बहिणीची चौकशी दोन ओळी, बाकी सगळी मठाची! दुबईच्या हॉटेलात सिस्टर्शियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंच्या मठासारखं अंगण? धन्य तुमचा क्लायंट. असो. फ्रान्समध्ये मी स्वतः मोजमापं घेऊन काढलेले तशा एका मठाचे नकाशे पाठवतेय. मठ बाराव्या शतकातला. नक्षी नाही, रंगीत काचा नाहीत. नुसता दगड, कमानी आणि उजेड. पहिल्यांदा आत गेले तेव्हा मला रडूच आलं होतं.

एकच मागते. अंगणाच्या पश्चिमेला भिंतीआड एक अरुंद गल्ली आहे. मठाच्या शेतात राबणारे अडाणी धर्मबंधू तिथून चर्चमध्ये जात, पोथ्या वाचणाऱ्या साधूंच्या नजरेस पडू नयेत म्हणून. एवढ्या सुंदर वास्तूत तेवढंच मला सलतं. बाकी सगळं घे, ती गल्ली घेऊ नकोस. शब्द दे.

वहिनींना नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी शुभ्रा

बर दुबई, १९ मार्च १९९७

चि. शुभ्रास,
अ. उ. आ.

नकाशे मिळाले, ऑफिसात सगळे खूश. गल्लीचं म्हणशील तर शब्द दिला, खलास! प्रमिलाने तुझ्यासाठी मीना बझारमधून साडी घेतलीय.
तुझा दादा

बर दुबई, २ नोव्हेंबर १९९८

चि. शुभ्रास,
अ. उ. आ.

हॉटेल झालं! क्लायंटला सगळ्यात जास्त काय आवडलं, सांगू? तुझी गल्ली. मीटिंगमध्ये तुझं ड्रॉइंग टेबलावर होतं, त्याचीच नजर गेली. किचन-क्लीनिंगची माणसं मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पमधून बसने येतात, ती थेट भिंतीआडून आत. गेस्टना एकही दिसत नाही. मला प्रमोशन मिळालं. रागावू नकोस गं, जरा प्रॅक्टिकल हो. एन्ट्रन्सला पितळी पाटी लावलीय, तिच्यावर तुझं नाव आहे.
तुझा दादा

पुणे, २० नोव्हेंबर १९९८

दादास,
नमस्कार.

पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. शब्द मोडलास तो मोडलास, वर माझं नाव? क्लायंटची नजर गेली म्हणतोस, पण नाही म्हणायला तुला तोंड नव्हतं?

आई वकिलांच्या बंगल्यावर पोळ्या करायला मागच्या दारानं जायची. तू मला घेऊन मुद्दाम पुढच्या दाराशी जायचास, बेल दाबायचास आणि सांगायचास, आमची आई आत आहे. वकिलीणबाई ओरडायच्या, तरी तू हटत नसायचास. मी नकाशे त्या दादाला पाठवले होते रे.

पाटीवरचं माझं नाव उतरव. लोभ कमी झालेला नाही, विश्वास मात्र उडाला.

आई सारखी विचारतेय, विजू त्याचं हॉटेल दाखवायला कधी नेणार. तिला कुठल्या दारानं आत नेशील, ते तूच तिला कळव.
शुभ्रा