बॉनेटच्या कडेबद्दल लिहून ठेवतो

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा मोटारींच्या रंगाला चकाकी आणण्याचा, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करीत आहे. याआधी असा कागद मी केलेला नाही. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. वकीलबाईंनी या मजकुरातली माझी बडबड दोनदा खोडली आणि मी ती दोनदा परत घातली. त्यांच्या सहनशक्तीबद्दल त्यांचे आभार.

कलम एक. राहतं घर सामानासकट आणि बँकेतली सगळी शिल्लक पत्नीच्या नावे. चाळीस वर्षं तिने माझी पुसायची फडकी घरच्या कपड्यांपासून वेगळी धुतली, कारण फडक्यात वाळूचा एक कण राहिला तरी काळ्या रंगावर ओरखडा उठतो. दुकानात आली की ती उन्हात तिरकी उभी राहायची आणि म्हणायची, "अहो, इथे जाळं दिसतंय." आणि बारीक गोल ओरखड्यांचं जाळं तिथे असायचंच. माझी नजर तिने तयार केली. तिला या घरातून कोणीही हलवू नये.

कलम दोन. दुकान, पॉलिशची दोन्ही मशिनं आणि रंगाची जाडी मोजायचं यंत्र मुलीला. गेली सहा वर्षं दुकान तीच चालवते, मी खुर्चीत बसून शहाणपण शिकवतो आणि ती बिचारी ऐकून घेते. तरी पुन्हा एकदा सांगतो. बादल्या दोन हव्यात, एक साबणाची आणि एक फडकं खळबळायची. धुतल्यावर रंग बोटाला काचेसारखा लागेपर्यंत मशिन हातात घ्यायचं नाही. जमिनीवर पडलेला पॅड धुतल्याशिवाय गाडीला लावायचा नाही. गाडी उन्हात काढून बघितल्याशिवाय किल्ली द्यायची नाही. आणि मशिन लावण्याआधी प्रत्येक कडेवर चिकटपट्टी लावायची, कितीही घाई असो. कडेवर रंगाचा थर सर्वांत पातळ असतो. हे मला कसं कळलं ते कलम चारमध्ये आहे.

कलम तीन. थोरल्या भावाला माझी मेणाची डबी. "गाड्या पुसून कोणाचं भलं झालंय?" असं तो चारचौघांत आयुष्यभर म्हणत आला. त्याने स्वतःची गाडी एकदा तरी हाताने चमकवावी आणि मग बोलावं. अर्थात, या दुकानाची जागा मिळावी म्हणून मालकाकडे चार हेलपाटे त्यानेच घातले होते, हेही लिहून ठेवतो. राग केव्हाच गेला, चेष्टा तेवढी शिल्लक आहे.

कलम चार. हे देण्याघेण्याचं नाही, कबुलीचं आहे. अठरा वर्षांपूर्वी एका दातांच्या डॉक्टरांची जुनी काळी गाडी प्रदर्शनासाठी माझ्याकडे आली. रंग समोरच्या पेंटरने मारला होता, आणि तसा खोल काळा मी नंतर पाहिला नाही. प्रदर्शन दोन दिवसांवर होतं. मी बॉनेटच्या कडेला चिकटपट्टी लावली नाही. माझा हात आहे, चुकतोय कशाला, असा माज होता. मशिन एक क्षण जास्त थांबलं आणि वरचा थर जळून रंगाखालचं राखाडी अस्तर नखाएवढं उघडं पडलं. तेवढ्यात डॉक्टर आले. मी म्हणालो, "रंगच पातळ मारलाय. पेंटरला विचारा."

पेंटर आला. त्याने कडेवरून बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं आणि डॉक्टरांना म्हणाला, "द्या, पुन्हा मारून देतो." एका दिवसात बॉनेट नवं करून दिलं. मी ते चमकवलं, गाडीला पहिला क्रमांक मिळाला, डॉक्टरांनी दिलेला चषक माझ्या फळीवर आला. रंग त्याचा होता आणि नाव माझं झालं. तो रंग पातळ मारतो ही गोष्ट मात्र पसरली आणि हौशी गाडीवाले त्याच्याकडे परत गेले नाहीत. तो लोखंडी फाटकं आणि शाळेच्या बसगाड्या रंगवत राहिला. आमचं बोलणं बंद आहे कारण त्याने माझं काम बिघडवलं, असं सगळे समजतात. मीही समजू दिलं. खरं म्हणजे मला त्याला तोंड दाखवायची लाज वाटत होती. चूक माझी होती, सर्वस्वी माझी.

कलम पाच. तो चषक पेंटरला द्यावा आणि कलम चार दुकानात सर्वांसमोर वाचावं, असं मी लिहिलं होतं. पत्नीने कच्चा मसुदा वाचला आणि म्हणाली, "मेल्यावर कबूल करणार? आणि तुमच्याआधी तो गेला तर?" म्हणून आज त्याला बोलावलं. तो आला, चष्मा पुसून सगळं वाचलं. मी विचारलं, "तेव्हा बोलला का नाहीस रे?"

"तू दुसऱ्या दिवशी येऊन सांगशील असं वाटलं होतं," तो म्हणाला. "आठवडाभर वाट बघितली. मग चिडलो."

वकीलबाई म्हणाल्या की मृत्युपत्रातून ज्याला काही मिळणार, त्याने साक्षीदार होऊ नये. पेंटर म्हणाला, "मग चषक राहू दे. मला सही करायचीय." म्हणून हे कलम रद्द.

मला पत्नी चांगली मिळाली, मुलगी माझ्याहून सरस निघाली, आणि ज्याचं मी नुकसान केलं तो आज माझ्या दारात येऊन चहा प्यायला. याहून जास्त मागितलं तर हावरटपणा होईल.

लिहून देणार: (सही) पॉलिशवाला
ठिकाण: माझं दुकान
दिनांक: नऊ, सोमवार

साक्षीदार पहिला: (सही) शेजारचा चष्मेवाला

साक्षीदार दुसरा: (सही) समोरचा पेंटर. सहीखाली त्याच्या अक्षरात: "कलम चार वाचलं. खरं आहे. त्याची नक्कल दुकानाच्या दारावर लावावी, आणि ती हा जिवंत असताना."

त्याखाली माझ्या अक्षरात: "मान्य. आत्ताच लावतो. चिकटपट्टी मुलीने हातात आणून दिली आहे."