अर्धी सिरिंज

खारूच्या आईस,

मी बरा आहे. वेल्डिंग करताना हाताला आलेला फोडही वाळला. तू वेळेवर जेवतेस ना?

काल फोनवर तू रडत म्हणालीस, "माझंच काहीतरी चुकलं." तुझं काही चुकलं नाही गं. चुकलं माझं. फोनवर जीभ रेटेना, म्हणून घरी निघालेल्या सोबत्याच्या हाती हे पत्र देतोय.

सुट्टीवर आलो तर खारू फिटच्या औषधाने दिवसभर पेंगायची. वर्षाने लेक भेटली, तीही मिटल्या डोळ्यांची. शेवटचे चार दिवस सकाळचं औषध मी पाजत होतो. सिरिंज पूर्ण भरायचो. अर्धी तिला, अर्धी बेसिनमध्ये. बाटली बरोबर उतरत होती, म्हणून तुला कळलं नाही. फिटचा हा प्रकार लाखात एखाद्याला होतो, औषधाशी खेळू नका, हे डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं. तरी वाटलं, चार दिवसांत काय होतंय!

खरंच जागी राहिली. माझ्या हेल्मेटमध्ये बाहुली निजवली तिने. मी निघालो आणि त्याच संध्याकाळी तिला फिट आली, वीस मिनिटं थांबेचना.

आता औषध पुरत नाही असं समजून डॉक्टर सोमवारी डोस वाढवणार. त्याआधी त्यांना हे सगळं सांग, माझं नाव घेऊन. तोवर लिहून दिलंय तेवढंच दे, थेंबभर कमी नको की जास्त नको.

फिटनंतर ती "बाबा" म्हणत नाही, म्हणालीस. थकली असेल. म्हणेल ना पुन्हा?

पुढच्या सुट्टीत ती झोपलेली असली तर झोपू दे. मी नुसता शेजारी बसेन.

तुझ्यापुढे मान खाली घालून,
खारूचा बाबा