सात जणांचा खेळ आणि बाबांचं तिकीट

शनि., १४ जून, फ्रीमाँट

घरातल्या रांगोळीचा अपहार झाला आहे. नागपूरहून बॅगेत आणलेला, विमानतळावर "हे खायचं नाही हो" असं शपथेवर सांगून सोडवलेला शुभ्र पुडा. आरोपी: वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त क्रीडाशिक्षक, नात्याने माझे तीर्थरूप. पुडा शाळेमागच्या बास्केटबॉल कोर्टावर गेला, हँडबॉलच्या गोलापुढचा अर्धगोल आखण्यात. बायकोकडे दाद मागितली. मेधा म्हणाली, "तू शेवटची रांगोळी कधी काढलीस रे?" खटला निकाली.

रवि., १५ जून

बाबांच्या खेळाला आज बरीच गर्दी. सगळे आयटीतले, गुडघ्याला पट्टे. शेजारचा निखिल चेंडू छातीशी धरून चिंतनात. बाबा ओरडले, "अहो इंजिनिअर, तीन सेकंद झाले! मीटिंग लावताय का?" आमची इरा: "आजोबा, ही इज स्टिल लोडिंग!" बाबा इतके हसले. आई गेल्यापासून असं…

परतीचं तिकीट जुलैअखेरचं. नागपूरला घर बंद, हे एकटे. म्हटलं, मुक्काम वाढवू या का? की ग्रीन कार्डाचंच बघू? बाबा म्हणाले, "तुम्हाला सोयीचं ते बघा."

लहानपणी मी न्यायशास्त्र शिकायला जायचो त्या पाठशाळेत अशा वाक्याला संदिग्ध म्हणत आणि शास्त्रीबुवा पान उलटत. मला पान उलटता येत नाही.

बुध., १८ जून

इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत बाबांवर लेख लिहायचाय. संपादक शुभदाताईंची तंबी: "'थोर', 'तपस्वी' नको हं, माहिती दे."

माहिती अशी. पूर्वी आमच्याकडे हँडबॉल अकरा-अकरा जणांचा, फुटबॉलच्या अख्ख्या मैदानावर. एके वर्षी शाळेच्या संस्थेने मैदान लग्नांना भाड्याने दिलं. बाबांनी उरलेल्या बास्केटबॉल कोर्टावर सात-सात जण उतरवले. पलीकडे मंगलाष्टकं, अलीकडे गोल. चेंडू मांडवात जाऊ नये म्हणून आखूड, जलद पास. त्या वर्षी स्पर्धेत मोठ्या मैदानाच्या शाळा नुसत्या धापा टाकत राहिल्या. पुढच्या हंगामात त्यांनीही कोर्टं आखली. आमच्या भागात आजचा हँडबॉल रुजला तो असा.

"म्हणजे क्रांती लग्नसराईमुळे झाली?" मी विचारलं.

"कधी कधी जेवायलाही बोलवायचे," बाबा.

लेखाला शेवटची ओळ हवी: सरांचं सध्या वास्तव्य अमुक गावी. अमुक म्हणजे? जागा कोरी सोडून पाठवला.

शनि., २१ जून

बाबांनी मेधाला कप्तान केलं, शिट्टी निखिलच्या गळ्यात घातली, आपण बाकावर. "आता तुमचं तुम्ही चालवा." धूर दिसला की अग्नी मानावा, न्यायशास्त्राचा पहिला धडा. अनुमान: निघायची तयारी.

घरी येतो तर दारात खोकं. बाबांनी इराकडून गोलाची जाळी मागवलीय. ऊनपाऊस सोसणारी, वर्षानुवर्षं टिकणारी. अनुमान: राहणार.

एकाच डोंगरावर अग्नी आहे सांगणारा धूरही आणि अग्नी नाही सांगणारं तळंही. ग्रंथांत या डोंगराची सोय नाही.

मंगळ., २४ जून

मेधा वैतागली. "अरे, सरळ विचार ना त्यांना!" विचारलं. बाबा म्हणाले, "तुझं ऑफिस, इराची शाळा… माझं काय, चेंडू कुठेही उडतो." मी अर्थ लावला: जायचंय, पण मुलाला वाईट वाटेल म्हणून बोलत नाहीत. उदार होऊन म्हटलं, "मग तिकीट आहे तसंच ठेवतो."

"बरं," म्हणाले. चहा अर्धा राहिला.

गुरु., २६ जून

दोन दिवस कोर्टावर गेले नाहीत. गुडघा दुखतोय म्हणे. कोणता, ते सकाळी वेगळं, दुपारी वेगळं.

गाडीत इरा: "डॅड, यू टोल्ड हिम टू गो."

"मी? मी त्यांच्या मनासारखं केलं!"

"डिड ही से दॅट? ऑर डिड यू जस्ट गेस?"

फ्रीवेवर यू-टर्न नसतो. असता तर घेतला असता.

शनि., २८ जून

बाबा कपड्यांच्या घड्या घालत होते. शेजारी बसलो. म्हटलं, "तिकीट बदलता येतं." ते म्हणाले, "तुला काय वाटतं?" तेवढ्यात मेधाने जेवायला हाक मारली आणि आम्ही दोघंही सुटका झाल्यासारखे उठलो.

शुभदाताईंचा मेसेज: कोऱ्या जागेचं काय? फोन उपडा ठेवून वही ओढली.

इथे तरी नीट लिहितो. बाबांनी राहावं असं मला वाटतं. पण मी "राहा" म्हटलं की ते राहतील, माझ्यासाठी. आणि त्यांना नागपूर हवं होतं का, हे मला कधीच कळणार नाही. तसं म्हटलंच नाही तर जातील, आणि एखाद्या सकाळी न्हाणीघरात त्यांचा पाय घसरला तर दार उघडायला तिथे कोणी नसेल. मला त्याची भीती वाटते.