पहिल्या दिवसाची झोप कामात धरण्याबाबत

प्रति,
मा. कर आकारणी अधिकारी,
वैयक्तिक उत्पन्न विभाग, दुसरा मजला.

विषय : नोकरी गेल्यानंतर बदली-भत्त्यावर आकारलेला कर रद्द होणेबाबत.
संदर्भ : आपली मागणी नोटीस, व त्यावर अर्जदाराच्या पत्नीने आपल्या खिडकीवर केलेले तोंडी निवेदन (आवाज चढल्याबद्दल दिलगिरी).

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा गाद्यांच्या कारखान्यात 'निद्रा तपासनीस' होता. नव्या गादीवर पूर्ण पाळी झोपणे व उठल्यावर मान, पाठ, कंबर यांचा अहवाल देणे, हे त्याचे काम. लोकांना ही चैन वाटते. परंतु भोंगा वाजत असताना आणि मुकादम उशाशी उभा असताना झोपून दाखवणे हे खायचे काम नाही, साहेब!

कारखान्याने अर्जदाराची या गावच्या शाखेत बदली केली व सामान हलवण्यास भत्ता दिला. तो टेम्पो, हमाल आणि वाटेत फुटलेला आरसा यांतच संपला. पहिल्या सकाळी अर्जदार स्प्रिंगच्या गादीवर रुजू झाला. गादी इतकी उत्तम निघाली की, दुपारी शाखा बंद झाल्याची घोषणा त्यास ऐकूच आली नाही. संध्याकाळी रखवालदाराने गदागदा हलवून उठवले आणि हातात नोकरी संपल्याचे पत्र, नुकसानभरपाईचा धनादेश व तीच गादी ठेवली.

नुकसानभरपाईवरील कर आधीच कापला गेला, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार भत्त्याची आहे. बदलीच्या जागी एक दिवस तरी प्रत्यक्ष काम केले असेल तरच भत्ता करमुक्त, आणि अर्जदार त्या दिवशी 'झोपलेला आढळला', सबब काम झाले नाही, असे आपण कळवता. कमाल आहे! अर्जदार जागा आढळला असता तर ती कामचुकारी ठरली असती. मागे एकदा एक डोळा उघडा दिसला म्हणून त्यास लेखी ताकीद मिळाली होती.

हा कर भरल्यास परतीच्या टेम्पोला पैसे उरत नाहीत. घरची मंडळी परक्या गावात बोचक्यांवर बसून आहेत. जावई झोपायचा पगार घेत होता, आता झोपेचा दंड भरतोय, असे सासूबाई दुधवाल्यालाही सांगतात. अर्जदारास फार लाज वाटते.

आपले निरीक्षक आज सकाळी चौकशीस आले. झोपणे हे काम कसे, असे म्हणत ते बूट काढून केवळ पडताळणीपुरते गादीवर आडवे झाले. आता दिवे लागले आहेत. सासूबाईंनी कानाशी ताट वाजवून पाहिले, निरीक्षकांनी फक्त कूस बदलली. अंगावर पांघरूण घातले आहे.

तरी विनंती की, निरीक्षकसाहेबांचा आजचा दिवस आपण कामात धरणार असाल, तर अर्जदाराचाही तो एक दिवस धरावा. धरणार नसाल, तर तसे लेखी द्यावे. ते उठल्यावर त्यांना वाचून दाखवू.

आपला नम्र आणि सध्या जागा,
(सही)
माजी निद्रा तपासनीस

दिनांक : निरीक्षकसाहेब आले तोच.

सोबत : १) ताकीदपत्र. २) टेम्पोची पावती. ३) निरीक्षकसाहेबांचा डावा बूट, ओळख पटावी म्हणून.