अकराव्या भागातली जुनी पायलट

नीलम,

सकाळच्या बसनं बेळगावला निघाले. आईच्या गुडघ्याचं तेल खिडकीत ठेवलंय, ती विड्या वळाय बसायच्या आधी लाव.

ते यंत्रमानवांचं जपानी अ‍ॅनिमे दोन वर्सं दर रविवारी मीच आईला दाखवते. ती विड्या वळायची, मी खालची इंग्रजी अक्षरं मराठीत वाचून सांगायची. लग्न होऊन तुला या घरात तीनच महिने झाल्यात, आणि अकरावा भाग तू गुरुवारीच वाचून दाखवलास. "नीलम आवाज बदलून सांगत्या, लई भारी," असं आईच म्हणाली.

काल मी एकटीनं बघितला. सगळा भाग यंत्रमानव चालवणाऱ्या त्या जुन्या पायलटवर हाय. तिचं यंत्र नव्या पोरीच्या हाताला पहिल्याच दिवशी उठून उभारतंय. मग ती यंत्राची तार कापाय जाते, आणि न कापता कात्री खाली ठेवते.

मी पण काल आपण अ‍ॅनिमे बघतो त्या अ‍ॅपचा पासवर्ड बदललाता. सकाळी परत होता तसा केला.

तिनं कात्री खाली ठेवली तवा आई काय म्हणाली, तेवढं मला कळव. तिला विचारायचं माझ्यानं झालं न्हाय.

ज्योत्स्नाक्का