लाँड्रीचे मागचे दार

प्रति,
मा. कमान अधिकारी साहेब,
शहर सुरक्षा पथक.

विषय: बालवाडीच्या गल्लीतील लष्करी नाक्यावर अर्जदाराचा वस्तरा सापडतो, बाकी काही सापडत नाही, याबाबत.
संदर्भ: याच विषयावरील आधीचे दोन अर्ज. पोच नाही, उत्तर नाही.

महोदय,

अर्जदार सदर गल्लीच्या तोंडाशी केशकर्तनालय चालवतो. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला बालवाडी असून तीत अर्जदाराची नात शिकते. म्हणूनच नाका बसला तेव्हा जवानांना पहिला चहा अर्जदारानेच पाजला होता, हे त्यांना विचारून पाहावे.

१. नाक्यावर वाळूच्या गोण्या, बंदुका, काळे चष्मे सगळे जागच्या जागी आहे. रोज सकाळी अर्जदाराचा डबा उघडून भाजी ढवळली जाते व वस्तरा शस्त्र म्हणून जमा होतो. त्याबद्दल तक्रार नाही. परंतु थोड्या वेळाने हवालदारसाहेब तोच वस्तरा स्वतः घेऊन दाढीला येतात, बंदूक पिशव्यांच्या खुंटीला अडकवतात आणि मान मागे टाकून डोळे मिटतात. ज्याच्या हाती वस्तरा नको, त्याच्याच हाती गळा द्यायचा, ही कसली तपासणी, ते काही डोक्यात शिरत नाही.

२. नाक्याला लागून लाँड्री आहे. तिचे पुढचे दार मोठ्या रस्त्यावर, मागचे थेट गल्लीत. रांगेला कंटाळलेला माणूस पुढून शिरतो नि मागून गल्लीत उतरतो. कोण, काय घेऊन, देव जाणे! हे हवालदारसाहेबांच्या कानावर घातले असता ते तोंडाला साबण असतानाच म्हणाले, "अहो काका, आमची ड्युटी नाक्यावर. लाँड्रीत नाही." जवानांच्या गणवेशांना कडक इस्त्री त्याच लाँड्रीत होते. अर्जदार कोणावर आळ घेत नाही, पण मनात पाल चुकचुकायची ती चुकचुकतेच.

३. शेवटी राहवेना म्हणून काल अर्जदाराने एक छोटी पत्र्याची पेटी, आत नुसते कंगवे घालून, लाँड्रीतून नेली व बालवाडीच्या पायरीवर ठेवली. वाटले, आता शिट्टी वाजेल, आपल्याला धरतील, चार शिव्या बसतील आणि एकदाची सुखाची झोप लागेल. साहेब, कोणी फिरकलेसुद्धा नाही. शाळा सुटल्यावर नातच ती पेटी कानाशी खुळखुळवत नाक्यापर्यंत आली. एका जवानाने तिचा गालगुच्चा घेतला. "आजोबा, तुमची पेटी सापडली!" म्हणत ती दुकानात शिरली.

सबब विनंती की, लाँड्रीच्या मागच्या दाराला कुलूप ठोकावे, नाहीतर तिथे एक जवान उभा करावा. तेही जमत नसेल तर नाकाच उठवावा, म्हणजे आम्ही गल्लीवाले निदान स्वतः डोळे उघडे ठेवू. नाका दिसतो म्हणून सगळे निर्धास्त आहेत. सुरुवातीला अर्जदारही होता.

प्रकरण तातडीचे समजावे. कालपासून अर्जदाराचे हात कापत आहेत आणि उद्या सकाळी हवालदारसाहेबांची दाढी आहे.

उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
(सही)
नाक्याशेजारचा न्हावी
दि. १४

सोबत: सदर पेटी, एक नग, कंगव्यांसह. ती आपल्या फाटकावर कोणी उघडून पाहिली, की तशीच आपल्या टेबलावर आली, तेवढे कृपया कळवावे.